जरा कपट आहे

आमचे हे बावीस वर्षं वाइनच्या रस्त्यावर बस चालवत होते आणि त्या बावीस वर्षांत त्यांनी वाइनचा थेंबही तोंडात घातला नव्हता. हे ऐकलं की बायका म्हणतात, केवढं भाग्य हो तुमचं! भाग्य कसलं आलंय? कंपनीत रोज सकाळी ड्रायव्हरला एका नळीत फुंकर मारायला लावतात. आदल्या दिवशीचं काही निघालं तर गाडी मिळत नाही. ह्यांचा स्वभाव मुळात घाबरट, म्हणून ह्यांनी सोपा मार्ग काढला. घ्यायचीच नाही, म्हणजे निघायचीच नाही. मला मात्र रोज घ्यावी लागायची. चमचाभरच, पण रोज.

त्याचं असं आहे. आमच्या गावाबाहेर टेकड्यांच्या पायथ्याने एक रस्ता गोल फिरून परत येतो. त्या रस्त्यावर सहा वायनऱ्या आहेत. सकाळी नऊला डेपोतून पाहुण्यांची बस सुटते, एकेका वायनरीपाशी थांबते, लोक मळे बघतात, तळघरं बघतात, दोन-दोन घोट चाखतात आणि पुढे निघतात. चौथ्या वायनरीत जेवण. त्या जेवणघरात मी स्वयंपाक करते. कोंबडी भाजताना, मशरूमचं सूप आटवताना वाइन घालावीच लागते, आणि न चाखता पातेल्यात काही ओतायचं ही माझी पद्धत नाही. तिथलं तळघर सांभाळणारे एक भाऊ आहेत, त्यांच्या एकदा लक्षात आलं की ही बाई जिभेला लागतं तेच बोलते, भीडभाड ठेवत नाही. तेव्हापासून नवं पिंप उघडलं की पहिला चमचा माझ्याकडे. शेजारी काय चाललंय ते कळावं म्हणून बाकीच्या पाच वायनऱ्यांच्या बाटल्याही ते आणून ठेवायचे. त्याही मीच चाखायची.

आणि मग संध्याकाळी घरी आलं की भाजी चिरता चिरता मी ह्यांना सगळं सांगायची. आज पांढरी कशी लागली, लाल का बिघडली, कुणी घाईने बाटल्या भरल्या. ह्यांचं लक्ष टीव्हीत. टीव्ही बंद असला तर पायातल्या मोज्यात. मी विचारायची, “ऐकताय का?” हे म्हणायचे, “हं.” किती वेळा भांडले असेन त्यावरून! भिंतीशी बोलले असते तर तिला निदान ओल तरी आली असती.

ह्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत ह्यांना लांबचं दिसेना. चष्मा बदलून झाला, औषधं झाली, पण मोठ्या गाडीचा परवाना काही पुढे मिळेना. महिनाअखेरीपर्यंतचाच होता. ह्यांनी घरी येऊन सांगितलं आणि शांतपणे जेवले. रविवारी सकाळी मी उठून बघते, तर माझे मसाल्याचे सगळे डबे उंचीप्रमाणे रांगेत लावलेले, आणि हे कंपनीचा गणवेश घालून खुर्चीत बसलेले.

“अहो, आज रविवार.”

“माहितीये,” हे म्हणाले. “नुसता घातलाय.”

आमचा संसार म्हणजे निम्मी भांडणं, पण हा माणूस मला जिवापाड आवडतो, ते कुणापासून लपवून ठेवायचं माझं वय नाही. घरात बसवला तर वर्षभरात वाळून जाईल, हे मला त्या खुर्चीकडे बघूनच कळलं.

म्हणून मी सहाव्या वायनरीच्या मालकीणबाईंना फोन लावला. त्यांना टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांना वाइन चाखवत बोलणारं माणूस हवं होतं, हे मला ठाऊक होतं.

“ह्यांना ठेवा,” मी म्हटलं. “ह्यांच्या जिभेला तोड नाही.”

“ड्रायव्हरकाका बोलतात छान, आमचे पाहुणे सांगतात. पण काकू, त्यांना वाइन चाखता येते का?”

“अहो, बावीस वर्षं!” मी म्हटलं. हे काही खोटं नव्हतं. मी नुसता आकडा सांगितला होता.

मालकीणबाई व्यवहाराला पक्क्या. म्हणाल्या, शेवटच्या फेरीच्या दिवशी संध्याकाळी या. कागदात गुंडाळलेल्या तीन बाटल्या ठेवीन. त्यातली आमची कुठली ते काकांनी ओळखायचं आणि तिच्याबद्दल बोलायचं. जमलं तर सोमवारपासून कामावर.

ह्यांना सांगितल्यावर हे पांढरेफटक पडले. “अगं, मला व्हिनेगर आणि वाइन यातलं काही कळत नाही.”

“मी असेन ना तिथे. मीही एकेक घोट मागून घेईन. पहिला ग्लास त्यांचा असला तर कानाला हात लावीन, दुसरा असला तर नाकाला, तिसरा असला तर कपाळाला. तुम्ही फक्त माझ्याकडे बघायचं.”

“हं,” हे म्हणाले.

शेवटच्या फेरीचं माझं तिकीट लेकीने काढून ठेवलं होतं. बावीस वर्षांत मी त्या बसमध्ये पाय ठेवला नव्हता, कारण कामावरची माणसं साडेसहाच्या व्हॅनने जातात. त्या दिवशी मात्र मी चांगली साडी नेसून, ड्रायव्हरच्या मागे दुसऱ्या रांगेत पाहुणी म्हणून बसले. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना मी कोण ते सांगितलं नाही.

गाडी डेपोच्या बाहेर पडली आणि ह्यांनी माइक तोंडाशी ओढला. घरी ज्या माणसाच्या तोंडून मीठ कमी असल्याचंही कळत नाही, तो माणूस मजेत बोलायला लागला.

“मंडळी, पहिल्या वायनरीची लाल वाइन म्हणजे सकाळी उठल्या उठल्या जिच्या वाटेला जाऊ नये अशी बाई. ओतलीत की दहा मिनिटं गप्प बसा. मग ती आपण होऊन बोलते, आणि गोड बोलते.”

सगळी बस हसली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “किती छान सांगतात, नाही?” मी म्हटलं, “हो ना.” ह्यांचं ते वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. पहिल्या वायनरीत ग्लास हातात घेतल्यावर एकदम आठवलं. माझंच होतं ते. सात-आठ वर्षांपूर्वी मी कांदा चिरताना म्हणाले होते, “अगदी माझ्यासारखी आहे हो ही, उठल्या उठल्या कुणी बोलायला जाऊ नये.” तेव्हा हे मोजे काढत होते.

असेल योगायोग, म्हटलं. पण दुसऱ्या वायनरीच्या वाटेवर हे म्हणाले, “इथली पांढरी म्हणजे पोळलेल्या जिभेवर ठेवलेला गार चमचा.” ते तर मला तारीखवार आठवत होतं, कारण त्या दिवशी गरम सूप चाखताना माझी जीभ खरोखरच पोळली होती. त्याच पांढऱ्या वाइनने मला आराम पडला होता, आणि ते मी घरी येऊन बोबड्या बोलीत सांगितलं होतं.

मी सीटवर पुढे सरकून बसले. आता एकही शब्द सोडायचा नाही, असं ठरवलं.

“तिसरी वायनरी,” हे वळण घेत म्हणाले. “इथल्या लाल वाइनपासून सांभाळून, मंडळी. हिच्यात जरा कपट आहे.” आणि गाडीत एकच हशा. “हसू नका. पहिल्या घोटाला अशी लाघवी वागते की आपण गाफील राहतो, आणि खरं काय ते मागाहून कळतं.”

कपट? मी असलं काही म्हटल्याचं मला आठवेना. वाइनमध्ये कपट कसं असेल? गाडी थांबली, आम्ही आत गेलो, तर टेस्टिंग रूमच्या टेबलावर छापील कार्डं मांडलेली. त्या वाइनच्या नावाखाली सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘जरा कपटी’. लोक ते कार्ड आठवण म्हणून पिशवीत टाकत होते. मी घोट घेतला, आणि त्या घोटाबरोबर डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथली पिंपं आतून जरा जास्त भाजलेली असतात, त्याची चव वाइनला लागते. मी म्हटलं होतं, “तिसऱ्या वायनरीची लाल जरा करपट आहे.” आणि तेव्हा मिक्सर चालू होता!

हसू आवरेना. मुख्याध्यापिका विचारत होत्या काय झालं, आणि मला तोंडातला घोट गिळता येईना. मग मात्र रागही आला. इतकी वर्षं हा माणूस माझा एक ‘र’ गाळून गावाला सांगत फिरतोय, आणि मला पत्ता नाही!

चौथ्या वायनरीत जेवण. माझ्याच जेवणघरात मला पाहुणी म्हणून वाढलं गेलं, आणि माझ्याशिवाय भाजलेली कोंबडी जरा कोरडी झाली होती याचा मला मनातून आनंद झाला. पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. गाडी फाटकात शिरताना हे माइकवर म्हणाले, “इथलं जेवण एक बाई करतात. आज त्या सुट्टीवर आहेत, नाहीतर मी रोज पाहुण्यांना सांगतो, जेवण झालं की मागच्या खिडकीशी जा आणि आवडलं असेल तर तसं सांगा. बाई जरा रागीट दिसतात. घाबरू नका. सांगितलेलं त्यांना फार आवडतं.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बावीस वर्षं रोज दुपारी दोनच्या सुमाराला चार माणसं माझ्या खिडकीशी येऊन म्हणायची, बाई, जेवण फार सुरेख झालं. मला वाटायचं, वाइन प्यायलेली माणसं सभ्य होतात.

मुख्याध्यापिकांनी रुमाल पुढे केला. मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. काचा बंद होत्या, पण त्या शिकलेल्या बाई, काही बोलल्या नाहीत.

जेवण झाल्यावर बघते, तर हे जेवणघराच्या मागच्या पायरीवर डबा उघडून बसले होते. मी जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, तोंडातून मात्र भलतंच निघालं.

“करपट म्हटलं होतं मी. कपट नाही.”

ह्यांनी घास थांबवला. “करपट?”

“करपट! जळकं! पिंपं जास्त भाजतात ते!”

ह्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आता कसं बदलणार गं? त्यांनी कार्डं छापलीत.”

मी हसायला लागले, मग हेही हसायला लागले. पाचव्या-सहाव्या वायनरीबद्दल हे काय बोलले ते मला सांगता येणार नाही. मी ऐकत होते, पण कान भरून आले होते.

पाच वाजता गाडी डेपोत लागली. ह्यांनी पाहुण्यांना हात धरून उतरवलं, सीटखाली काही विसरलंय का बघितलं, आणि किल्ली खिडकीत ठेवली. खिडकीतल्या माणसाने सही करायला वही पुढे केली. ह्यांनी सही केली आणि ते तिथेच उभे राहिले. शेवटी मी दंडाला धरून वळवलं. सहावी वायनरी डेपोपासून चालत दहा मिनिटांवर. तेवढ्या वाटेवर मी खुणांची उजळणी करून घेतली. कान, नाक, कपाळ.

टेस्टिंग रूम लांबलचक. मधे एक लाकडी टेबल, या टोकाला हे आणि मालकीणबाई, त्या टोकाला मी. मालकीणबाईंनी तीन बाटल्यांमधून ह्यांना ओतलं आणि माझ्यासाठीही तीन छोटे ग्लास पाठवले. ह्यांनी पहिला ग्लास काढ्यासारखा एका दमात संपवला. दुसरा तसाच. तिसऱ्याला ठसका लागला.

मला एव्हाना कळलं होतं. तिसरी. मी कपाळाला हात लावला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले. मी पुन्हा हात लावला, जरा ठळकपणे.

“काय गं,” हे तिकडून ओरडले, “डोकं दुखतंय का?”

मालकीणबाईंनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात कपाळावरच राहिला. ज्या डोळ्यांनी परवाना घालवला, त्यांच्याच भरवशावर मी बेत आखला होता. माझ्याएवढी शहाणी मीच.

ह्यांनी ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर टेकवले. “बाई, खरं सांगू का? मला तिन्ही आंबट लागल्या. तिसरी जरा जास्त. मी आयुष्यात आज पहिल्यांदा प्यायलो.”

“पण मग तुम्ही बसमध्ये बोलता ते?”

“ते हिचं. ही रोज संध्याकाळी सांगते आणि मी दुसऱ्या दिवशी माइकवर म्हणतो. माझा त्यात एकच शब्द आहे, आणि तो चुकून ऐकलेला आहे, असं आज दुपारी कळलं. तुम्हाला चाखणारं माणूस हवं असेल तर तिला ठेवा. मी बाहेर बसतो.”

आणि हे खरंच दाराकडे निघाले. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. बायकोचं कुणीतरी कौतुक करणार आहे आणि आपण मधे नको, एवढंच.

मालकीणबाई माझ्यापाशी आल्या. “काकू, आमची कुठली?”

“तिसरी,” मी म्हटलं. “आणि त्या बाटलीचं बूच बिघडलंय. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. ही पाहुण्यांपुढे ठेवली असतीत तर लाज गेली असती.”

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, पुन्हा धरला, मग मुकाट्याने दुसरी बाटली उघडून आणली. ती चांगली होती. ऑफिसातल्या दोघी बायकांना त्यांनी हाक मारून समोर बसवलं आणि मला म्हणाल्या, “आता ह्या पाहुण्या आहेत असं समजा आणि हिच्याबद्दल बोला. जमलं तर नोकरी तुमची.”

मला नोकरी नको होती, मला माझं जेवणघर बरं. पण म्हटलं, बोलून बघू. मी ग्लास वर धरला. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“लाल आहे,” मी म्हटलं.

पुढे काही येईना. स्वयंपाकघरात माझं तोंड बंद करायला सहा माणसं लागतात, आणि इथे दोघी परक्या बायका माझ्याकडे नीट बघायला लागल्या तर शब्द फुटेना.

दारातून ह्यांचा आवाज आला. हळूच, प्रॉम्प्टरसारखा. “उशिरा आलेला पाहुणा.”

मी वळून बघितलं.

“मागच्या वर्षी म्हणाली होतीस की,” हे म्हणाले. मी तरी गप्पच, म्हणून हे दोन पावलं आत आले आणि त्या दोघींना सांगायला लागले. “ही वाइन म्हणजे उशिरा आलेला पाहुणा आहे. जेवणं झालेली असतात, ओटा पुसलेला असतो, आपण आतून चिडलेलो असतो. दार उघडताना मनात येतं, हीच वेळ सापडली का? पण तो बसतो, पाणी पितो, चार गोष्टी सांगतो, आणि आपणच म्हणतो, थांबा हो, एवढी काय घाई? तशी आहे ही. पहिल्या घोटाला कपाळाला आठी घाला, चालेल. पण ग्लास खाली ठेवू नका.”

त्या दोघींनी आपापले ग्लास पुढे केले. न सांगता. मालकीणबाईंनी ते बघितलं आणि मीही बघितलं. मी असं म्हणाले होते? म्हणालेच असेन, त्या आठवड्यात ह्यांची आत्या अवेळी येऊन चार दिवस राहिली होती. पण मी म्हणाले तेव्हा ती कुरकुर होती. ह्यांच्या तोंडून ती ऐकावीशी वाटत होती.

“काका,” मालकीणबाई म्हणाल्या, “सोमवारी दहाला या. नवी बाटली निघाली की आधी काकूंकडे पाठवत जाईन. आणि पाहुण्यांना सांगायचं, हे शब्द कुणाचे आहेत ते.”

“ते मी सांगणारच होतो,” हे म्हणाले, आणि अचानक त्यांना बसायला खुर्ची लागली. तीन ग्लास रिकाम्या पोटी गेले होते.

बाहेर पडलो तेव्हा उन्हं उतरत होती. पुढच्या आठवड्यात निघणारी एक नवी पांढरी मालकीणबाईंनी आम्हाला चाखवली होती आणि उरलेली बाटली पिशवीत घालून दिली होती. घरच्या बसला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो, मधे पिशवी.

“सांग,” हे म्हणाले.

“काय?”

“ही पांढरी कशी आहे ते. सोमवारी बोलायचंय मला.”

मी तोंड उघडलं. हे माझ्याकडे पूर्ण वळून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. बावीस वर्षं मी तोंडाला येईल ते बोलत आले होते, कारण कुणी ऐकत नाहीये अशी माझी खात्री होती. आता प्रत्येक शब्द जाऊन पोहोचणार होता, जपून ठेवला जाणार होता. मला काही सुचेना. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. ह्या वयात, भर थांब्यावर, सख्ख्या नवऱ्याची.

“अहो,” मी म्हटलं, “जरा तिकडे बघा ना.”

हे मुकाट्याने रस्त्याकडे तोंड करून बसले. मग मी सांगायला लागले.